सुशी घरी करायची तर आधी भात शिका

ओसाकात राहायला गेल्यावर पहिल्याच मार्चमध्ये शेजारच्या आजींनी मला जेवायला बोलावलं. ३ मार्चला तिथे हिनामात्सुरी असते, मुलींचा आणि बाहुल्यांचा सण. टेबलाच्या मधोमध लाकडाचं पसरट भांडं होतं आणि त्यात आंबटगोड भात. भातात सोया सॉसमध्ये शिजवलेले मश्रूम आणि कमळकाकडीच्या चकत्या, वर अंड्याच्या केसासारख्या बारीक पिवळ्या शेवया, कोवळ्या हिरव्या शेंगा, उकडलेली कोळंबी. कच्च्या माशाचा एक तुकडाही नव्हता. "हे काय?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "सुशी."

तोवर माझ्या डोक्यात सुशी म्हणजे कच्चा मासा, इतकंच होतं. खरं तर कच्च्या माशाचे काप भाताशिवाय वाढले तर ती साशिमी. तिला कुणी सुशी म्हणत नाही. उलट तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरला, मासा अजिबात नसला, तरी ती सुशी. पदार्थ सुशी आहे की नाही हे ठरवतो तो भात. तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून तो आंबटगोड केलेला असतो. 'सुशी' हा शब्दही 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणापासून आलेला आहे.

सुशीच्या दुकानात या भाताला 'शारी' म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेला आपला संस्कृत 'शरीर' आहे. बुद्धाच्या अस्थिधातूंना तिथे शारी म्हणतात, आणि पांढऱ्या शुभ्र दाण्यांत ते साम्य दिसलं म्हणून भातालाही तेच नाव पडलं. हे कळल्यापासून शारीचा एक दाणाही टाकायला माझा हात धजत नाही.

म्हणून या लेखातला मोठा भाग भाताचा आहे. गुंडाळायचं कसं, दाबायचं कसं हे पुढे येईलच. पण भात बिघडला तर पुढचं सगळं व्यर्थ.

भात आंबट का असतो?

आधी हा आंबटपणा व्हिनेगरचा नव्हताच. मासा टिकवायचा म्हणून तो मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवत. भात आंबला की त्यातल्या आम्लामुळे मासा सडत नसे. महिन्यांनी मासा काढून खायचा आणि लगदा झालेला भात फेकून द्यायचा. या प्रकाराला नारेझुशी म्हणतात. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी आजही फुनाझुशी याच रीतीने करतात. गोड्या पाण्यातला, अंड्यांनी भरलेला मासा वर्ष-वर्ष, कधी त्याहून जास्त भातात राहतो. वास उग्र, चव जुन्या चीजच्या जवळ जाणारी. पहिल्या घासाला मी दचकले, तिसऱ्या घासाला अजून मागितलं.

पुढे लोक इतके दिवस थांबेनासे झाले. भात पुरता आंबायच्या आतच माशाबरोबर खाऊ लागले, आणि मग आंबवायचं सोडून भातात सरळ व्हिनेगर घालू लागले. एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथे १८२०च्या दशकात हातात दाबलेली निगिरी सुशी लोकप्रिय झाली आणि तिचं श्रेय बहुतेक हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. तिच्यामागे व्हिनेगरचीही मोठी कामगिरी आहे. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके बनवणाऱ्याने १८०४ मध्ये साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर काढायला सुरुवात केली. ते स्वस्त, तांबूस आणि चवीला भरीव होतं. एदोच्या सुशीवाल्यांनी ते उचललं. आजही टोकियोतल्या काही जुन्या वळणाच्या दुकानांत शारी किंचित तपकिरी दिसते ती या लाल व्हिनेगरमुळे.

तांदूळ, पाणी, व्हिनेगर

तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा हवा, शिजल्यावर दाण्याला दाणा चिकटेल पण लगदा होणार नाही असा. जपानी तांदूळ मिळाला तर प्रश्नच मिटला. पुण्यात परत आल्यापासून मी इंद्रायणीवर करते. तो आंबेमोहोराच्या कुळातला, चिकट आणि गोडसर असतो. त्याचा स्वतःचा सुवास व्हिनेगरशी थोडा भांडतो, तेवढं सोसावं लागतं. बासमती, कोलम घेऊ नका. त्यांचा मोकळेपणा पुलावाला शोभतो, इथे रोल कापताच सगळं सांडेल. मोची या जपानी पदार्थासाठी वापरतात तो अतिचिकट तांदूळही नको.

चार जणांसाठी ३०० ग्रॅम तांदूळ घ्या. जपानी मापात हे २ गो होतात. पहिलं पाणी घातल्याबरोबर दोनदा हात फिरवून लगेच ओतून द्या, कारण कोरडा तांदूळ पहिलंच पाणी सगळ्यात वेगाने पितो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही ओढून घेतो. मग तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा. चोळून दाणे मोडू नका. पाणी अगदी नितळ व्हायची गरज नाही, हाताची बोटं दिसली की पुरे. अर्धा तास भिजवा आणि चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या.

आता जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ आणि ३६० मिलिलिटर पाणी. इंद्रायणी नवा असेल तर ३३० पुरतं. जुना असेल तर पूर्ण घ्या. मिळाला तर कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या जाड समुद्री शेवाळाचा, पाच सेंटिमीटरचा तुकडा वर ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर उकळी आणा, आच अगदी मंद करून १२ मिनिटं शिजवा, गॅस बंद करा आणि आणखी १५ मिनिटं झाकण उघडू नका. कुकरच्या तीन शिट्ट्यांचा भात इथे चालत नाही, तो गुरगुट्या होतो. दाणा शिजलेला पण थोडा ताठ हवा, कारण अजून त्याला व्हिनेगर प्यायचं आहे.

भात शिजेपर्यंत ४ मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर आणि १ छोटा चमचा मीठ एकत्र करून साखर विरघळेपर्यंत गरम करा. उकळू नका, वास उडून जातो. किराणा दुकानात मिळणारं कृत्रिम पांढरं व्हिनेगर यात घशाला बोचतं. तांदळाचं नाहीच मिळालं तर सफरचंदाचं घ्या. आणि हे प्रमाण दगडावरची रेघ नाही: ओसाका-क्योटोकडे भात गोडाकडे झुकतो, टोकियोच्या जुन्या शैलीत साखर कमी आणि मीठ-आंबट पुढे.

भात कापायचा, कालवायचा नाही

जपानात यासाठी हांगिरी नावाचं लाकडाचं पसरट भांडं वापरतात. लाकूड जास्तीचं पाणी शोषून घेतं. घरात भाकरीची जुनी काथवट असेल तर तिच्याहून चांगलं काही नाही. पाण्याने ओली करून पुसून घ्या. नाहीतर स्टीलची परात. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नको, व्हिनेगर त्यांना लागतं.

भात वाफाळता असतानाच काथवटीत उलटा करा. लाकडी भातवाढीवरून सगळ्या भातावर व्हिनेगर ओता. लगेच भातवाढी तिरकी धरून भात कापल्यासारखा उभ्या-आडव्या रेघांनी मोकळा करा, तळाचा वर आणा, पुन्हा कापा. दहीभातासारखा कालवलात तर दाणे फुटतील आणि चिकट लगदा होईल. गरम भातच व्हिनेगर आत घेतो, गार झाला की ते नुसतं वर बसतं. म्हणून हे काम दीड-दोन मिनिटांत व्हायला हवं.

व्हिनेगर जिरल्यावर वारा घाला. पंख्याने, नाहीतर वर्तमानपत्राच्या घडीने. वाऱ्याने दाण्यावरचं पाणी उडतं आणि शारीला ती ओळखीची चकाकी येते. आजींकडे हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं असे, आणि तो ते आजींपेक्षा गंभीर चेहऱ्याने करी. भात अंगाइतका कोमट झाला की ओल्या, पिळलेल्या फडक्याने झाका.

एक चिमूट तोंडात टाका. या टप्प्यावर भात एकटाच खावासा वाटला पाहिजे. आंबट, गोड, खारट यांपैकी एकच चव वर उठून येत असेल तर पुढच्या वेळी तिचं माप पाव चमच्याने कमी करा.

हा भात फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. थंडीत दाण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि भात खडखडीत लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत संपवा.

पहिल्यांदा चिराशी करा

चिराशी म्हणजे पसरलेली, विखुरलेली. ना गुंडाळायचं, ना दाबायचं. तरीही नवशिक्याला सुशीची पूर्ण चव इथेच कळते, म्हणून माझा आग्रह याच प्रकाराने सुरुवात करण्याचा आहे. टोकियोत भातावर माशांचे काप मांडतात. पश्चिमेकडे जिन्नस शिजवून भातात मिसळतात, त्याला बाराझुशी किंवा गोमोकुझुशी म्हणतात. ओकायामाच्या बाराझुशीची एक गोष्ट तिथले लोक आवडीने सांगतात. सरदाराने हुकूम काढला, जेवणात एक सार आणि एकच तोंडीलावणं. लोकांनी मासे-भाज्या भातातच दडवल्या आणि 'हा बघा, नुसता भात' म्हणत हुकूम पाळला.

सुके शिताके मश्रूम चार-पाच तास भिजवा, चिरा, आणि भिजवलेल्या पाण्यातच सोया सॉस व साखर घालून रस आटेपर्यंत शिजवा. कमळकाकडीच्या पातळ चकत्या दोन मिनिटं उकळून गोड व्हिनेगरात टाका. दोन अंडी चिमूटभर मीठ-साखर घालून फेटा, तव्यावर कागदासारखी पातळ पोळी घाला, गार झाल्यावर गुंडाळी करून बारीक शेवया कापा. कोळंबी उकडा. मश्रूम आणि कमळकाकडी भातात मिसळा, बाकीचं वर पसरा.

माकी: गुंडाळलेली

नोरी म्हणजे शेवाळाचा भाजलेला कागद, पूर्ण पान साधारण २१ बाय १९ सेंटिमीटरचं. हे शेवाळ वाढतं कसं हे जपानी शेतकऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. मॅंचेस्टरच्या संशोधक कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की त्याच्या आयुष्याची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात जाते. त्यावरून नोरीची भरवशाची शेती उभी राहिली. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी त्यांचं स्मारक आहे आणि दर एप्रिलला तिथे त्यांचं स्मरण होतं.

काप्पामाकी करू या, काकडीची. काप्पा हा जपानी लोककथांमधला पाण्यातला भूत-प्राणी. त्याला काकडी फार आवडते, म्हणून हे नाव. नोरीचं पान अर्धं कापा. बांबूच्या चटईवर चकचकीत बाजू खाली, खरखरीत बाजू वर. एका वाटीत पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घ्या, त्यात बोटं बुडवा, टाळ्या वाजवून थेंब झटका. फार ओला हात नोरी लोळागोळा करतो. ८० ग्रॅम भात, म्हणजे मध्यम लिंबाहून थोडा मोठा गोळा, घेऊन पसरा. आपल्यापासून लांबच्या कडेला एक सेंटिमीटर नोरी उघडी सोडा. भाताचा थर इतकाच की मधूनमधून नोरी जाणवेल. नवशिक्याचा भात इथे हमखास दुप्पट होतो. मग रोल मिटतच नाही.

मधोमध वासाबीची, म्हणजे झणझणीत हिरव्या जपानी लेपाची, पुसटशी रेघ, वर बिया काढलेल्या काकडीची लांब कांडी. अंगठ्यांनी चटई उचला, बोटांनी काकडी आत धरा, आणि जवळची भाताची कड पलीकडच्या भाताच्या कडेला एकाच हालचालीत भिडवा. चटईवरूनच हलका दाब द्या, मग थोडं पुढे लोटून उघडी नोरी बंद करा. धारदार सुरी ओल्या फडक्याने पुसून रोलचे दोन भाग, प्रत्येकाचे तीन, असे सहा तुकडे करा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची.

ही बारीक रोलची होसोमाकी. पूर्ण पानावर अंडं, मश्रूम, पालेभाजी असं बरंच घालून केली की फुतोमाकी. तिच्यात हमखास असते ती कानप्यो: वाळवलेल्या भोपळ्याच्या फिती, सोया-साखरेत शिजवलेल्या. तो भोपळा आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा आहे, आणि जपानातली जवळजवळ सगळी कानप्यो तोचिगी प्रांतातून येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन या सणाच्या दिवशी ओसाकातली माणसं न कापलेली अख्खी फुतोमाकी हातात धरून, त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता संपवतात. भात बाहेर आणि नोरी आत असा उलटा रोल मात्र उत्तर अमेरिकेत रुजला आणि तिथून जगभर गेला. मला तो वाईट वाटत नाही, पण नोरीचा पहिला कुरकुरीत चावा त्यात हरवतो.

चटईच नसेल तर तेमाकी करा: नोरीचा द्रोण, त्यात भात आणि हवं ते. जपानी घरांत पाहुणे आले की सगळं ताटात मांडतात आणि ज्याने त्याने आपापला द्रोण वळायचा. वळल्याबरोबर खा, नोरी मिनिटा-दोन मिनिटांत मऊ पडते.

निगिरी, आणि कच्च्या माशाबद्दल

निगिरी म्हणजे मुठीत दाबलेली. उजव्या हातात १८ ग्रॅमच्या आसपास भात घेऊन सैलसर लांबट गोळी करा. डाव्या बोटांवर वरचा जिन्नस, त्यावर वासाबीचा ठिपका, त्यावर गोळी. अंगठ्याने मधे किंचित खळगा, उलटवा, दोन बोटांनी वरून आणि बाजूंनी दाबा. चार-पाच हालचालींत संपवा. उचलताना सुटू नये आणि जिभेवर गेल्यावर दाणे आपोआप मोकळे व्हावेत, एवढाच दाब. सुशीचे आचारी यासाठी वर्षानुवर्षं घालवतात; आपल्याला पहिल्या दिवशी जमलं नाही तर त्यात विशेष काही नाही.

बाजारातून आणलेला मासा यावर कच्चा ठेवू नका. आपल्याकडचा ताजा मासा शिजवून खाण्यासाठी ताजा असतो. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात. ते मारायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवावं लागतं. घरच्या फ्रीजरचा त्या तापमानाला भरवसा नाही, आणि गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत. जपानातही नदीतला सामन पूर्वी भाजूनच खात. तो कच्चा खायची सवय लागली ती १९८०च्या दशकात नॉर्वेने शेतीतला सामन तिथे नेला त्यानंतर.

यात काही गमावल्यासारखं वाटायला नको. एदोची मूळ निगिरीही बर्फाविनाच्या काळातली होती. कोहादा हा छोटा मासा मीठ-व्हिनेगरात मुरवलेला, अनागो हा बामीसारखा मासा सोया-साखरेत शिजवलेला, टूना सोया सॉसमध्ये बुडवलेला. आणि कोळंबी उकडलेली. तीच करा. कोळंबी सोलायच्या आधी पोटाकडून डोक्यापासून शेपटीपर्यंत बांबूची काडी घाला म्हणजे ती वळणार नाही. मिठाच्या पाण्यात दोनेक मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका, काडी फिरवून काढा. शेपटी ठेवून सोला, पोटाकडून चीर देऊन पुस्तकासारखी उघडा, काळा दोरा काढा, आणि क्षणभर सुशीच्या व्हिनेगरात बुडवा. आपली किनाऱ्यावरची कोळंबी या कामाला फार सुरेख आहे.

बाकीचे थोडक्यात. भाताभोवती नोरीची उभी पट्टी लावून वर माशाची अंडी ठेवली की गुनकानमाकी, म्हणजे युद्धनौका. टोफूच्या गोड पिशव्यांतली ती इनारीझुशी; पूर्वेकडे ती तांदळाच्या पोत्यासारखी लांबट, पश्चिमेकडे कोल्ह्याच्या कानासारखी त्रिकोणी, कारण कोल्हा हा इनारी देवतेचा दूत. ओसाकाची खरी शान म्हणजे लाकडी साच्यात दाबलेली ओशीझुशी. तिच्यातल्या बांगड्याच्या भावकीतल्या साबा माशाच्या प्रकाराला बात्तेरा म्हणतात, छोट्या होडीसाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून. आपला पाव आणि जपान्यांचा ब्रेडसाठीचा 'पान' हा शब्द, दोन्ही त्याच पोर्तुगीजांकडून आले.

खाताना निगिरी हाताने उचलली तरी चालते. तिरकी करून वरचा जिन्नस सोया सॉसला टेकवा, भात नको. तो सॉस पिऊन विस्कटतो. आल्याचं गुलाबी लोणचं, गारी, दोन प्रकारांच्या मधे जीभ धुण्यासाठी आहे, सुशीवर ठेवायला नाही.

भात उरलाच तर? मग तो फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण गार खायचा नाही. क्योटो-ओसाकाकडे हिवाळ्यात वाफवलेली गरम सुशी मिळते, मुशीझुशी. उरलेला भात आणि मश्रूम दुसऱ्या दिवशी वाडग्यात घाला, मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवा, ताज्या अंड्याच्या शेवया पसरा आणि वाफाळता वाडगा दोन्ही हातांत धरून खा.